उन्हाळ्यात घरी वीस माणसं जेवायला बोलवायची तर: तयारीचा क्रम

आखाजीपासून (म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून) पहिल्या पावसापर्यंत खान्देशात घरं भरलेली असतात. माहेरवाशिणी आलेल्या, पोरांना सुट्ट्या, लग्नाची वऱ्हाडं येता-जाता थांबणारी. "या एकदा संध्याकाळी सगळे" असं कुणीतरी म्हणतं आणि बेत ठरतो. मग होतं काय? घरची बाई दुपारी तीन ते रात्री आठ ओट्यापाशी शिजत राहते, पन्हं पाणचट होतं, शेवभाजीतली शेव लगदा होते, मठ्ठा आंबतो, आणि पाहुणे आल्यावर बर्फ संपलेला असतो.

यातलं काहीच रेसिपी चुकल्यामुळे होत नाही. पदार्थ सगळ्यांना येतात. चुकतो तो क्रम. हिवाळ्यातल्या जेवणावळीचा क्रम जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत चालत नाही. उन्हाळ्यात दोनच गोष्टी सांभाळायच्या. थंड होणाऱ्या वस्तूंना भरपूर आधी वेळ द्यायचा, आणि ज्या वस्तू एकत्र आल्या की बिघडतात त्या ताटात पडेपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. बर्फ आणि पन्हं, शेव आणि रस्सा, दही आणि आलं, आंब्याचा रस आणि दूध, टरबूज आणि मीठ. या जोड्या जितक्या उशिरा जुळतील तितकं बरं.

खालचा सगळा हिशेब २० मोठ्या माणसांचा, संध्याकाळच्या जेवणाचा आणि एका साध्या घरगुती फ्रिजचा आहे.

टप्पा १: बेत ठरवणं (चार-पाच दिवस आधी)

पदार्थ कमी ठेवा. माझ्या मते उन्हाळी जेवणाला एवढं पुरे:

- आल्या आल्या द्यायला पन्हं
- चघळायला भाजलेल्या बिबड्या (आपले ज्वारीचे पापड), शेंगदाणे, गार टरबूज
- जेवायला शेवभाजी, पोळ्या, कांदा-लिंबू
- जेवणासोबत मठ्ठा
- गोड म्हणून आमरस

यात चुलीवर गरम गरम करायची वस्तू एकच, शेवभाजीचा रस्सा, आणि तीही शेवटच्या अर्ध्या तासात. भजी नकोत. "दोन घाणे तर काढू" म्हणत सुरू झालेली भजी माणूस संपेपर्यंत संपत नाहीत आणि तळणारा शेवटी जेवतो. वरण-बट्टीचा मोह होईल, पण ती तळणीही एप्रिल-मेच्या संध्याकाळी स्वयंपाकघराची भट्टी करते. तिला दिवाळीनंतर बोलवा. भरताचंही तेच. आपल्याकडची भरताची वांगी थंडीत खरी असतात, मेमध्ये बाजारात मिळेल त्या वांग्याचं भरीत करून पाहुण्यांपुढे "हे जळगावचं भरीत" म्हणू नये.

आमरस असेल तर दुसरं गोड करू नका. श्रीखंड, गुलाबजाम वगैरे आणून ठेवलं की रसही उरतो आणि तेही.

वेळ रात्री आठची सांगा. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि गच्चीची स्लॅब त्यानंतरही बराच वेळ उष्णता सोडत असते. साडेसहाला बोलावलं तर पाहुणे भाजतात.

तपासा: पाहुण्यांत मधुमेही कोण, तिखट न खाणारी मुलं किती, आखाजीच्या आधी आंबा न खाणारं घर कुणाचं? हे आत्ताच विचारून घ्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आहे" आलं तर बेत आखाजीनंतरचा ठेवा, किंवा गोडाचा पर्याय खाली दिला आहे.

टप्पा २: बर्फ आणि पाणी (तीन दिवस आधीपासून)

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण बर्फ ही "आणू आयत्या वेळी" अशी वस्तू वाटते. लग्नसराईत आयत्या वेळी बर्फ मिळत नाही, आणि मिळाला तरी तो कुठला असेल याचा नेम नाही.

दोन प्रकारचा बर्फ लागतो, आणि ते दोन कधीही मिसळायचे नाहीत.

पहिला पोटात जाणारा. तो घरीच करा. पाणी उकळून गार करा किंवा फिल्टरचं घ्या. ट्रेमधले छोटे तुकडे भराभर वितळतात, म्हणून स्टीलच्या पसरट डब्यांत तीन-चतुर्थांश पाणी भरून मोठ्या वड्या लावा. डबा काठोकाठ भरू नका; पाणी गोठताना फुगतं आणि झाकण वर येतं. रोज एक-दोन डबे गोठवून, काढून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरच्या तळाशी रचत जा. तीन दिवसांत तीनेक किलो सहज जमतो.

दुसरा बाहेरून गार करायचा, म्हणजे टबात बाटल्या आणि पातेली ठेवायला. तो बाजारातला लादीचा चालतो. साधारण १० किलो सांगून ठेवा आणि संध्याकाळी साडेसहाला आणा. हा बर्फ ग्लासात जाऊ देऊ नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, पण लादी पांढरी दिसली म्हणून ती पिण्याजोगी आहे असं समजू नका. ती कुठल्या पाण्याची आणि कुठल्या पोत्यातून आली हे आपल्याला माहीत नसतं.

आता पिण्याचं पाणी. माणशी एक लीटर धरा, म्हणजे २० लीटरचा एक जार. जार गार मिळाला तरी दोन-तीन तासांत कोमट होतो, म्हणून अर्धं पाणी माठात घ्या. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ इथे झकास काम करतो: पाणी मातीतून पाझरतं, बाहेर सुकतं आणि सुकताना उष्णता घेऊन जातं. मात्र त्यासाठी माठाला वारा लागतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवलेला माठ गार होत नाही. तिवईवर, खिडकीच्या झुळकेत, भोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवा.

नवा माठ आणला असेल तर तो आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, दोन-तीनदा पाणी भरून फेका, मगच वापरा. पार्टीच्या दिवशी सकाळी आणलेल्या माठाचं पाणी मातकट लागतं आणि पाहुणे सभ्यपणे बाटलीचं मागतात. माठात वाळ्याची जुडी टाकायची असेल तर ती धुऊन आदल्या रात्री टाका आणि सकाळी काढा. तशीच ठेवली तर वास उग्र होतो.

टप्पा ३: पन्ह्याचा गर (आदल्या दिवशी सकाळी)

पन्हं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी: आज करायचा घट्ट गर आणि उद्या त्यात घालायचं गार पाणी. तयार पन्हं करून फ्रिजमध्ये पातेलंभर ठेवू नका. जागा खातं आणि चवही उतरते.

२० माणसांना दोन-दोन ग्लास, म्हणजे आठ लीटर पन्हं. त्यासाठी दीड किलो कैरी आणि सव्वा किलोच्या आसपास गूळ. गूळ कैरीच्या आंबटपणावर कमी-जास्त होईल.

१. कैऱ्या धुऊन देठ काढा. देठाजवळचा चीक नीट धुवा, नाहीतर घसा खवखवतो.

२. कुकरच्या डब्यात पाणी न घालता अख्ख्या कैऱ्या ठेवा. पाणी फक्त कुकरच्या तळाशी. कैऱ्या थेट पाण्यात उकडल्या तर फुटतात आणि निम्मी चव त्या पाण्यात जाते. तीन शिट्ट्या पुरतात.

३. कोमट झाल्यावर सालं काढा, सालाला चिकटलेला गर चमच्यानं खरवडून घ्या, कोयी पिळून काढा. साधारण ९०० ग्रॅम गर निघतो.

४. गूळ थेट गरात किसू नका. वाटीभर पाण्यात गरम करून विरघळवा आणि गाळा. चांगल्या गुळातही उसाचं चिपाड आणि बारीक खडे निघतात. पन्ह्याच्या तळाशी ते दाताखाली येतात.

५. गर आणि गुळाचं पाणी एकत्र करून मिक्सरमधून एकदा फिरवा. दोन चमचे मीठ घाला. पुढे वेलची किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन्हीपैकी एकच. दोन्ही घातलं की धड एकाचीही चव येत नाही. मी जिऱ्याच्या बाजूची.

६. काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये.

सावधान: अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई नसलेलं पितळ इथे चालत नाही. कैरीचं आम्ल धातू खातं, पन्ह्याला कसनुशी चव येते आणि ते पोटालाही बरं नाही.

आता या टप्प्यावरची खरी युक्ती. गरातला एक कप घ्या, त्यात चार कप पाणी घाला आणि हे पन्हंच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. उद्या पन्ह्यात साध्या बर्फाऐवजी हे तुकडे पडतील. वितळले तरी पन्हंच होईल, पाणचट होणार नाही.

तपासा: चमचाभर गर, चार चमचे गार पाणी, ढवळून चाखा. कोमट असताना जे गोड लागतं ते गार झाल्यावर कमी गोड लागतं, म्हणून चाखताना पाणी गारच घ्या.

मधुमेही पाहुण्यासाठी गूळ घालण्याआधी वाटीभर कोरा गर बाजूला काढा. मीठ, जिरं, पुदिना घालून त्यांचं वेगळं होतं. आयत्या वेळी "तुम्ही ताक घ्या" म्हणण्यापेक्षा हे शोभतं.

टप्पा ४: शेवभाजीचं वाटण (आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर)

शेवभाजीची मेहनत सगळी वाटणात आहे आणि वाटण आदल्या दिवशी केलं तर उलट मुरतं. लागेल ते असं: कांदे एक किलो, सुकं खोबरं ३०० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, कोथिंबिरीची मोठी जुडी, तेल ३५० मिली, खान्देशी काळा मसाला पाच-सहा चमचे, लाल तिखट घरच्या तिखटपणावर.

कांदे सालासकट गॅसच्या आचेवर वरून काळे होईपर्यंत भाजा. खोबऱ्याच्या वाट्याही चिमट्यात धरून कडा तांबूस-काळ्या होऊ द्या. चिरून कढईत परतलेल्या कांद्याची शेवभाजी ही हॉटेलातली पंजाबी ग्रेव्ही लागते. आपला धुरकट वास या भाजण्यातून येतो. कांद्याचं जळकं साल काढा, पण एखादी काळी पापुद्री राहिली तर राहू द्या. सगळं अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटा.

तेल तापवून वाटण मंद आचेवर २० ते २५ मिनिटं परता. घाई करणारे इथेच अडकतात: वाटणाचा कच्चा वास गेला म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. कडेनं तेल सुटून वाटणाचा गोळा कढईत सरकायला लागला पाहिजे. तेव्हा आच आणखी कमी करून काळा मसाला आणि तिखट घाला, दोन मिनिटं परता आणि लगेच उतरवा. तिखट आधी घातलं तर करपतं आणि तर्री लाल न होता तपकिरी होते.

मीठ आत्ता नाही. शेवेत मीठ असतं, ते उद्या कळेल.

सावधान: ही गरम कढई थेट फ्रिजमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात फ्रिज आधीच दमलेला असतो, त्यात गरम भांडं गेलं की शेजारचं दूधही कोमट होतं. परातीत गार पाणी घेऊन त्यात वाटणाचं भांडं ठेवा, ढवळत राहा, एकदा पाणी बदला. अर्ध्या तासात फ्रिजमध्ये ठेवण्याजोगं होतं. उलट "रात्रभर बाहेरच राहू दे, सकाळी ठेवू" हेही नको. आपल्याकडची मेची रात्र ही काही गार रात्र नव्हे.

शेव मात्र बाजारातूनच, भाजीची जाड तिखट शेव, एक किलो. बारीक शेव रश्शात पडली की विरघळते. दुकानदाराला "भाजीची" असं सांगा, तो समजतो.

टप्पा ५: पार्टीच्या दिवशीची सकाळ (सहा ते अकरा)

दिवसभराचं खरं काम या पाच तासांत उरकायचं. मिक्सरची कामं आधी घ्या, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही.

*दही.* रात्री विरजण लावून सकाळी दही ही हिवाळ्यातली सवय. मेमध्ये दही चार-पाच तासांत लागतं, आणि रात्री दहाला लावलेलं सकाळी सातपर्यंत आंबून फसफसतं. म्हणून सकाळी सातला लावा. दोन लीटर दूध उकळून कोमट करा, विरजण नेहमीच्या निम्मं घ्या. अकराच्या सुमारास दही घट्ट झालेलं असेल, लगेच फ्रिजमध्ये. रात्रीपर्यंत गार आणि गोडच राहतं.

मठ्ठ्याचा मसाला वेगळा: हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, चिमूटभर हिंग, सगळं ठेचून वाटीत झाकून ठेवा. हा मसाला दह्यात आत्ता घालू नका. कच्चं आलं दह्यात तासन्‌तास राहिलं की कडवट चव येते आणि मग लोक "ताक जुनं आहे का?" विचारतात.

*आमरस.* माणशी दीड-दोन वाट्या धरल्या तर साडेतीन लीटरच्या आसपास रस लागतो. आंब्याच्या वजनाच्या साधारण निम्मा रस निघतो, म्हणजे सात किलो आंबे. केशर घ्या, किंवा मेअखेरीस गावरान रसाळ आंबे मिळाले तर तेच घ्या. बदाम आणि लालबाग कापून खायला ठीक, रसाला नुसते बरे. आंबे दोन-तीन दिवस आधी आणून घरी पिकू द्या. सगळे एकसारखे पिवळेधमक, पण देठाशी वास नाही आणि आतून कच्चट, असे आंबे परत करा. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे, तरी पेटीत पावडरीची पुडी दिसली तर ती पेटी घेऊच नका.

आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा चीक पिळून टाका. मग ही शिस्त पाळा: प्रत्येक आंबा आधी वाटीत पिळायचा, चाखायचा, मग मोठ्या पातेल्यात ओतायचा. एक आतून सडलेला किंवा उतरलेला आंबा थेट पातेल्यात पिळला की साडेतीन लीटर रस गेला. मिक्सर वापरणार असाल तर थांबून थांबून दोन-तीन झटके द्या. सलग फिरवलात तर रस तापतो आणि फेसाळतो.

साखर, दूध, वेलची काही नाही. रस स्टीलच्या भांड्यात, झाकून, फ्रिजमध्ये सगळ्यात गार कप्प्यात. दूध घालायचंच असेल तर वाढताना, आणि तेही वेगळ्या वाटीत. दूध घातलेला रस आधी बिघडतो.

आंबा न खाणारं घर असेल तर रावेर-यावलची केळी हाताशी आहेतच. सालावर काळे ठिपके आलेली २० केळी सोलून काप करा, ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये पाच-सहा तास ठेवा, मग चार-पाच केळ्यांचे काप एकेका वेळी मिक्सरमधून काढा. चमचा-दोन चमचे साय आणि चिमूटभर मीठ, बाकी काही लागत नाही. आइस्क्रीमसारखा गोळा होतो. काप एकावर एक रचून गोठवले तर दगड होतो आणि मिक्सरचं पातं जातं.

*टरबूज.* अख्खं टरबूज बादलीत पाण्यात बुडवून ठेवा. कापू नका. कापण्याआधी साल घासून धुवायचं हे मात्र लक्षात ठेवा. तापीच्या पात्रातली वाळू आणि बाजारातली धूळ सुरीबरोबर आत जाते.

*पोळ्या.* माणशी तीन, म्हणजे ६० पोळ्या, दोन किलो कणीक. घरच्या बाईनं ६० पोळ्या एकटीनं लाटाव्यात असं मला वाटत नाही. शेजारच्या पोळ्या करणाऱ्या ताईंना दोन दिवस आधी सांगा आणि संध्याकाळी सहाला मागवा. घरी करणार असाल तर सकाळीच करा. कणकेत दूध घालू नका (संध्याकाळपर्यंत वास येतो), तेल जरा सढळ घाला. पोळ्या वाफ गेल्यावर सुती फडक्यात गुंडाळा. गरम पोळ्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबल्या तर खालच्या दहा-बारा भिजून चिकटतात.

टप्पा ६: दुपार

काही करू नका. दारं-खिडक्या लावा, झोपा.

टप्पा ७: साडेपाच ते आठ

गच्चीवर पाणी मारताना दोनदा मारा. साडेपाचला मारलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं, ते फक्त स्लॅबची पहिली धग काढतं. खरा गारवा साडेसहाच्या दुसऱ्या पाण्यानं येतो. सतरंज्या फरशी पूर्ण सुकल्यावरच घाला. जेवणाच्या टेबलावर थेट दिवा टांगू नका. किडे दिव्याकडे येतात आणि रस्सा दिव्याखालीच असतो. दिवा चार हात बाजूला, अन्नावर जाळी.

बिबड्या सहाच्या सुमारास भाजून घ्या आणि लगेच हवाबंद डब्यात भरा. कुरडया तळायच्या असतील तर आत्ताच. आणि इथे एक चूक घरोघरी होते: ताटं मांडून ती कूलरसमोर ठेवतात. कूलरची हवा ओलसर असते. त्या झोतात बिबड्या, केळ्याचे वेफर्स, शेव, सगळं दहा मिनिटांत सादळतं. कूलर माणसांकडे वळवा, खाणं त्याच्या झोताबाहेर.

लादीचा बर्फ आला की फोडून टबात घाला, त्यात तेवढंच पाणी ओता आणि दोन मुठी जाडं मीठ टाका. नुसत्या बर्फात ठेवलेली बाटली ठिकठिकाणी टेकते, पाणी असलं की तिला चारी बाजूंनी गारवा लागतो. मीठ पाण्याला शून्याच्याही खाली नेतं. अर्ध्या तासात साधी बाटली दात शिवशिवण्याइतकी गार होते. पन्ह्यासाठी लागणारं सात लीटर पाणी बंद बाटल्यांतून इथेच ठेवा.

टब, पिण्याच्या बर्फाचा डबा आणि चिमटा ही तीन भांडी वेगवेगळ्या जागी मांडा. मुलं टबातला बर्फ हातानं उचलून ग्लासात टाकतात. एका मोठ्या मुलाला तिथे राखण बसवा.

साडेसातला रस्सा. वाटण मोठ्या पातेल्यात गरम करा, बाजूच्या गॅसवर पाच लीटर पाणी खळखळ उकळा. पाणी उकळतंच ओता. गार पाणी ओतलं तर तर्री बसते आणि वर येत नाही. १०-१२ मिनिटं उकळू द्या. मीठ नेहमीच्या दोन-तृतीयांश. रस्सा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पातळ ठेवा, शेव तो पिते.

तपासा: वाटीत चमचाभर शेव, वर रस्सा, दोन मिनिटांनी चाखा. मीठ आता ठरवा. मुलांसाठी वरची तर्री न घेता खालचा रस्सा आत्ताच वेगळा काढून ठेवा.

टप्पा ८: पाहुणे आल्यावर

१. आधी माठाचं साधं पाणी. उन्हातून स्कूटरवर आलेल्या माणसाच्या हातात पहिलाच ग्लास बर्फाचा देऊ नका.

२. दहा मिनिटांनी पन्हं. मोठ्या जगमध्ये एक भाग गर, चार भाग टबातलं गार पाणी, वर पन्ह्याच्या बर्फाचे तुकडे. एका वेळी दोनच लीटर कालवा, संपलं की पुन्हा. आठ लीटर एकदम केलं की शेवटचा ग्लास कोमट जातो.

३. बिबड्या आणि शेंगदाणे. टरबूज आत्ता कापा, तेही निम्मंच. मीठ-चाट मसाला बाजूला वाटीत. फोडींवर आधी भुरभुरवला तर दहा मिनिटांत ताटभर पाणी.

४. साडेआठला जेवण. पोळी आणि रसानं सुरुवात. रसाचं पातेलं बर्फाच्या परातीत ठेवून वाढा. वर तुपाचा चमचा आणि किंचित मिरपूड, हवं त्याला.

५. शेवभाजी वाटीत: खाली मूठभर शेव, वर उकळता रस्सा. पातेल्यात शेव ओतायची नाही, कितीही जण "टाकून दे ना एकदम" म्हणाले तरी. ज्याच्या पुढ्यात वाटी गेली त्यानं लगेच खायचं.

६. मठ्ठा आत्ता घुसळा. दोन किलो दह्याला तीन लीटर गार पाणी, ठेचलेला मसाला, मीठ. रवीनं घुसळा; मिक्सरनं लोणी सुटतं.

घड्याळाकडे एक नजर असू द्या. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर दुधा-दह्याचं, रसाचं आणि शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. जळगावात मेच्या रात्री आठलाही हवा याच्या वर असते. म्हणून निम्मं मांडा, निम्मं फ्रिजमध्ये.

टप्पा ९: उरलेलं

पाहुणे गेल्यावर गप्पा मारत बसण्याआधी ही पाच मिनिटं काढा. पन्ह्याचा पाणी न घातलेला गर फ्रिजमध्ये आणखी दोन-तीन दिवस राहतो. पाणी घातलेलं पन्हं त्याच रात्री संपवा. फ्रिजमध्ये राहिलेला रस उद्या सकाळच्या पोळीला. परातीत तासभर राहिलेला रस टाका, जीव तुटला तरी. मठ्ठा उरला तर उद्या दुपारपर्यंत त्याची कढी करा, आंबट असलेली बरीच.

रस्सा उरला आणि त्यात शेव पडलेली नसेल तर गार करून ठेवा, उद्या पुन्हा उकळून शेव वेगळी घाला. पातेल्यात कुणी शेव टाकलीच असेल तर ते सकाळी कुणीही खाणार नाही, रात्रीच पातेलं धुवायला घ्या.